दसऱ्याचा फेटा

"हात शालीखाली," सत्यभामाबाई म्हणाल्या. खुर्चीतल्या म्हाताऱ्याने मुकाट्याने हात आत घेतले.

फाटकाशी गहिनीनाथाची गाडी थांबली होती. बाई घाईने आरशापुढे गेल्या, कपाळाला कुंकू लावलं आणि खिडकीचा पडदा निम्मा ओढला.

गहिनीनाथ म्हणजे बाईंचे यजमान, घराण्याचे कर्ते अमरसिंहदादा यांचा पुतण्या. या घराण्यात वारस कागदावर ठरत नाही. कर्त्या पुरुषाने जिवंतपणी, दसऱ्याला, चार गावांसमोर ज्याला स्वतःच्या हाताने फेटा बांधला, साखर कारखाना त्याचा आणि तालुकाही त्याचा. फेटा न बांधताच कर्ता पुरुष गेला, तर मग घरातल्या थोरल्या पोराचा हक्क. थोरला गहिनीनाथ. बाईंचा रविराज त्याच्याहून सहा वर्षांनी लहान, आणि भाषणाला उभा राहिला की गर्दीच त्याला धीर देई.

गहिनीनाथाने दारातूनच नमस्कार केला. काका बोलत कावून न्हाईत, असं त्याने विचारलं. झटका आलाय, डॉक्टरांनी बोलणं बंद ठेवलंय आणि डोळ्यांना उजेड सोसत नाही म्हणून काळा चष्मा, असं सगळं बाईंनी एका दमात सांगून टाकलं.

"काका, वळखलं का मला?"

म्हाताऱ्याने मान हलवली.

गहिनीनाथाने चपलेत पाय घातला. "लई वाळले काका," म्हणाला आणि गेला.

दिवस ठरल्यासारखे जात. सकाळी केशरबाई म्हाताऱ्याच्या तळहातांना तूप चोळी. घरातली जुनी, विश्वासातली मोलकरीण ती. दुपारी फेट्याचा सराव. दादा डावखुरे, म्हणून पहिला वेढा डाव्या हाताने. उपड्या मडक्यावर बांधलेला फेटा पहिले तीन दिवस सुटून गुडघ्यावर पडत होता. बाई न चिडता तो पुन्हा म्हाताऱ्याच्या हातात देत. चौथ्या दिवशी तो टिकला, तेव्हा बाईंनी स्वतः शिऱ्याची वाटी आणली.

जेवणाची आबाळ नव्हती. गादी मऊ होती. दाराला कडी मात्र बाहेरून होती.

उरलेला वेळ म्हातारा पडद्याच्या फटीतून रस्ता बघे. ऊसतोडीचे ट्रक निघाले होते; वर भांडी, बाजली, शेळ्या, लेकरं. तो बोटांवर ट्रक मोजी.

"सारा जन्म उसात गेला," केशरबाई एकदा म्हणाली. "नजर तिकडंच जाणार."

त्याच दिवशी त्याने बाईंना हळूच विचारलं, "मला कवा सोडणार?"

"एवढा दसरा होऊ द्या," बाई म्हणाल्या.

दसऱ्याला बंगल्यापुढे माणूस मावेना. दोघांनी काखेत धरून म्हाताऱ्याला पायरीवर आणलं. रविराज खाली बसला. पहिला वेढा डाव्या हाताने पडला, तशी पुढच्या रांगेतली जुनी माणसं डोळे पुसायला लागली. सातवा वेढा जरा डगमगला. मग शेमला खांद्यावर आला आणि गर्दीने जयघोष केला.

रविराजला पहिली मिठी गहिनीनाथाने मारली. त्याला दुसरं करण्यासारखं राहिलं नव्हतं.

दिवेलागणीला म्हातारा खोलीत बसला होता. चष्मा काढलेला, शाल घडी करून बाजूला. तळहातांवरचे कोयत्याचे घट्टे एवढ्या तुपानेही गेले नव्हते. बाई आणि रविराज आत आले. बाईंनी पदराने कपाळावरचं कुंकू पुसलं.

"बाई, माजी टोळी उद्या निघती," तो म्हणाला. "मुकादम थांबायचा न्हाई. बायकू तुळजा वाट बघत आसंल. आता जाऊ का?"

रविराजने आतून कडी लावली.

"कुठं जातोस, म्हाळू?" बाई म्हणाल्या. "दादांना अमावास्येलाच मळ्यात अग्नी दिला. उद्या सारा तालुका त्यांच्या अंत्यदर्शनाला येईल. तिथं झोपवायला कुणीतरी लागणारच की."