सुभेदारांचे बूट

"शटर खाली घे आधी," कारभारी दुकानात शिरता शिरताच म्हणाला.

इंद्रजीतनं हातातला ब्रश थांबवला नाही. गुलमंडीतल्या या दुकानाला दोन वर्षं झाली होती. बाप पहिल्यांदाच आत आला होता, आणि आला तो बंद करायला.

"आप्पा, गिऱ्हाईक यायची वेळ आहे."

"गिऱ्हाईक गेलं खड्ड्यात. रविवारी साखरपुडा हाय तुझा. सुभेदारांना मी सांगितलंय, पोरगं चितेगावला कंपनीत इंजिनिअर हाय. पाटलाचं पोरगं लोकांचे जोडे पुसत बसतंय हे कळलं तर देतील का पोरगी?"

"तनुजाला सगळं माहितीये."

"पोरीला कोण विचारतंय? ही चांभारकी तिच्या बापाला दिसली की संपलं."

अशी माणसं गल्लोगल्ली आहेत. पायातला जोडा त्यांना आरशासारखा लागतो. तो चमकवणारा हात मात्र घरातला नको.

तेवढ्यात दारात तनुजा येऊन उभी राहिली. मागं तिचे वडील, रिटायर्ड सुभेदार. हातात कापडी पिशवी. तिनंच त्यांना आणलं होतं. खोट्यावर लग्न करायचं नाही, हे तिचं कधीचंच ठरलं होतं.

कारभारीच्या तोंडचं पाणी पळालं.

"राम राम पाटील," सुभेदार म्हणाले. "म्हटलं, इंजिनिअरसाहेबांचा कारखाना बघून यावा."

कुणी हसलं नाही. सुभेदारांनी पिशवीतून तपकिरी बूट काढून टेबलावर ठेवले. जाड, अस्सल कातड्याचे. "रविवारी हेच घालणार हाय मी. दाखवा तुमचं इंजिनिअरिंग."

इंद्रजीतनं नाड्या काढल्या. बुटांत लाकडी साचे बसवले, म्हणजे सुरकुत्या ताणल्या जातात. शिवणीतली धूळ बारीक ब्रशनं काढली. साबणाच्या फेसानं जुनं मेण उतरवलं आणि बूट पंख्याखाली ठेवले.

"बाहेर उन्हात ठेव की," सुभेदार म्हणाले.

"उन्हात कातडं तडकतं. सावलीतच वाळवायचं."

सुभेदारांनी मान हलवली. मग कारभारीकडं वळले. "पाटील, मूळ गाव कोणतं तुमचं? त्या दिवशी बोलणं राहूनच गेलं."

"जायकवाडीच्या पाण्यात गेलं. भाऊबंद पांगले. कुणी उरलं नाय."

"आमचंबी तसंच," सुभेदार म्हणाले आणि लगेच पोरीकडं वळले. "तनू, चहा सांग बरं चार."

धरणात कितीतरी गावं बुडाली होती. कोणतं गाव, हे दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही.

चहा पिऊन होईस्तोवर बूट वाळले. इंद्रजीतनं क्रीम बोटांनीच लावलं, हाताच्या उबेनं मुरवलं. मग जुन्या बनियनची चिंधी दोन बोटांना गुंडाळली. थोडं मेण, पाण्याचा एक थेंब, आणि चवड्यावर छोटे छोटे गोल. पुन्हा थेंब, पुन्हा गोल. हळूहळू कातड्यात दुकानातली ट्यूब दिसायला लागली.

सुभेदारांनी वाकून त्यात आपली मिशी बघितली.

"हात सच्चा हाय पोराचा," ते म्हणाले. "मला इंजिनिअर नको होता पाटील. लपवाछपवी नको होती. ठरलं तर मग, रविवारी साखरपुडा."

तनुजाच्या डोळ्यांत पाणी आलं. कारभारी मात्र दाराकडं बघत होता. जिंकलेल्या माणसाचा चेहरा नव्हता त्याचा.

"एवढी कड तेवढी शिवून दे," सुभेदारांनी डावा बूट उलटा केला. तळव्याच्या कडेची शिवण उसवली होती.

"शिवणकाम निजामुद्दीन चाचा करतात. आज आले नाहीत ते. बघतो मीच," इंद्रजीत म्हणाला. त्यानं आरी उचलली. पॉलिशवर फिरणारा हात आरीला सरावलेला नव्हता. टोक सटकलं आणि वरच्या कातड्याकडं गेलं.

"अरे फाडशील! आण इकडं!"

कारभारीनं बूट हिसकावला. पांढऱ्याशुभ्र धोतरात तो खाली फरशीवर बसला, दोन तळपायांत बूट पकडला, दोऱ्याला मेण लावलं. आरी आत गेली, दोरा बाहेर आला. आत, बाहेर. टाका असा पडत होता जसा काही मापून आणलाय. बापाला सुईत दोरा ओवतानासुद्धा इंद्रजीतनं कधी पाहिलं नव्हतं. तनुजानं इंद्रजीतचा हात घट्ट धरला.

शेवटचा टाका कारभारीनं उलटा घातला, आधीच्या टाक्यावर आडवा. दातानं दोरा तोडला. मग त्यानं मान वर केली, आणि आपण कुठं बसलोय, काय करतोय, हे त्याला तेव्हा कळलं.

"आप्पा," इंद्रजीत पुटपुटला, "हे तुम्ही कुठं शिकलात?"

कारभारी सुभेदारांकडं बघत होता. सुभेदारांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी वाकून त्या शेवटच्या टाक्यावरून अंगठा फिरवला.

"तनुजा, त्याचा हात सोड."

"का?"

"सोड म्हणतो ना!"

ती भडकली. "आत्ता म्हणालात, हात सच्चा आहे! लपवाछपवी नको! आणि आता जात कळली की लगेच हात सोड? तुम्हीपण तसलेच निघालात पप्पा. मी नाही सोडणार."

सुभेदारांनी तिच्याकडं बघितलं नाही. ते गुडघे धरत कारभारीसमोर फरशीवर बसले.

"उलटा टाका कुणी शिकवला?"

"बापानं," कारभारी म्हणाला. "आमच्या बापाची खूण होती ती. दुसरं कुणी घालत नव्हतं."

सुभेदारांनी कारभारीचा आरी धरलेला हात आपल्या हातात घेतला.

"जातीचं नाय गं, पोरी," सुभेदार म्हणाले. "हा कारभारी नाय. पाणी यायच्या आधी, मी लहान असताना घरातून पळालेला माझा फकिरादादा हाय हा. तुझा सख्खा चुलता."