बोटभर सुतळी

"डिझेल परवडत नाही, सोमवारपासून स्कूलबस बंद," मोठ्या बाईंनी सांगितलं. बसने शाळेत येणारी रक्षा उसळलीच. बस बंद म्हणजे खेड्यातल्या पोरींची शाळा बंद! तिने देवळी तालुक्याच्या नकाशावर बसच्या वाटेने सुतळी लावली. "बाई, बस गावागावात आत शिरून माघारी येते. सगळे फाट्यावर आलो तर?" आतला एकेक फेरा ती कात्रीने कापत सुटली. ड्रायव्हर बंडूजी हसले, "सगळ्यात लांबचा फेरा त तुह्याच गावचा हाय, पोरी!" कात्री थांबली. बस दारात येते म्हणूनच आई शाळेत धाडत होती. मग तोही कापला. नकाशावर निम्मीच सुतळी उरली, डिझेलही निम्मं. बस वाचली. घरी आई कडाडली, "रोज तीन किलोमीटर चालशील फाट्यापर्यंत?" रक्षाने कापलेला बोटभर तुकडा दाखवला. "एवढासाच त हाय!" आईने तो तिच्या वेणीला बांधला. "लवकर उठजो मंग."