चेंबरातला फेस

"तेल-पाणी एकजीव करून दाखवतो, बघत राहा!" सोसायटीच्या तुंबलेल्या चेंबरपाशी पेंडुरकर सर गरजले आणि आपल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या जंतूंनी तयार केलेला फेसाळ रस त्यांनी कॅनभर ओतला. बघता बघता तेलाचा चिकटा सुटला, पाणी वाहून गेलं.

तळमजल्यावरच्या सुर्वेकाकू खूश झाल्या. "सर, संध्याकाळी चहाला या हं. एकटे काय बसता घरात!"

बायको गेल्यापासून सरांना कुणी असं बोलावलंच नव्हतं. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, दोनदा भांग पाडला आणि काकूंची बेल वाजवली.

दार उघडलं, तेव्हा चेंबरमधला फेस मोरीतून उलटा येऊन देवघरापर्यंत पोचला होता.

"एकटे कुठे हो तुम्ही? तुमच्या जंतूंचा अख्खा गोतावळा माझ्या देवघरात येऊन बसलाय की!" काकूंनी दार लावून घेतलं.

सर घरी परतले. एकट्यापुरता चहा टाकला. दूध नासलं.