हा कुणाचा?

तिशीतच माझ्या पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या रक्तात एक दुर्मिळ दोष आहे. तो आईकडून नाहीतर वडिलांकडून येतो." आईचं रक्त तपासलं, ते निर्दोष निघालं.

"मग माझं कशाला तपासता? ह्याचा बाप कोण, ते हिलाच विचारा," बाबा नर्ससमोरच खेकसले. जन्मभर ते आईला हेच ऐकवत आले होते. तरी आईने हट्टाने त्यांना सुई टोचून घ्यायला लावली.

बाबांच्या रक्तात तोच दुर्मिळ दोष निघाला. रिपोर्ट ऐकून ते चक्क खूश झाले. "अगं, म्हणजे हा माझाच की!"

 

आईने पर्स खांद्याला अडकवली. "एवढं तुमच्या तोंडून ऐकायलाच नांदले मी," ती म्हणाली आणि मावशीकडे निघून गेली, ती कायमचीच.