तीन इंच

"पापा, नदीत गाडीचं पोट घासतं हो. तीन इंच उंच करून द्या ना!"

लेकाचा, ओल्मानचा हा आवाज सात वर्षं एलिएसेरच्या कानांतून गेला नव्हता. "उन्हाळ्यात करू," असं तो तेव्हा म्हणाला होता, आणि त्याच पावसाळ्यात निकोयाच्या नदीनं ओल्मानला जीपसकट ओढून नेलं. पाणी ओसरलं, जीप सापडली. पोर काही सापडलं नाही.

आज एलिएसेरनं अंगणातल्या आंब्याखाली तीच जीप जॅकवर चढवली होती. स्प्रिंगचे गंजके पाटे उतरवून तो नवे, उंच पाटे बसवत होता. बायको आनिया शेजारी बसून एकेक पाना पुढे करत होती.

"म्हाताऱ्या, आता नदीवर पूल झालाय. कुणासाठी उंच करतोयस हे धूड?"

"माझ्या आळसानं पोर गेलं गं," गाडीखालून आवाज आला. "तेव्हाच उंच केली असती, तर पार झाला असता तो."

आनियानं पुढचा पाना दिलाच नाही.



"पार झाला होता रे तो. तामालांचा डबा घरी राहिला, म्हणून फोन करून मीच त्याला माघारी बोलावलं."