टॅपेटचा आवाज

"धर ही पत्ती," नवरा म्हणाला. तिने ओले हात पुसले आणि ती बारीक पोलादी पत्ती हातात घेतली.

मोटारसायकल अंगणात उभी होती. टाकी काढून भिंतीला टेकवलेली, इंजिनाच्या डोक्यावरची दोन्ही झाकणं उघडी. इंजिन रात्रभराचं गार असतानाच हे काम करायचं, म्हणून त्याने सकाळचा चहासुद्धा घेतला नव्हता. ऑफिसात कोणीतरी विचारलं होतं, साहेब, शिलाई मशीन चालवत येता का? सगळे हसले होते, आणि लोकांचं हसणं त्याला कधीच सोसलं नव्हतं.

मशीनसारखी ती टकटक टॅपेटची होती. इंजिनाच्या डोक्यातले व्हॉल्व्ह दाबणारे हे टॅपेट ढिले झाले होते. स्क्रू पिळून मधली फट कमी केली की आवाज बंद. फट बरोबर आहे की नाही ते ही पत्ती सांगते. फटीतून ओढली तर निघावी, पण जराशी अडकत. काम सोपं, फक्त तीन हातांचं. एकाने स्क्रू धरायचा, दुसऱ्याने नट आवळायचा आणि तिसरा हात स्वयंपाकघरातून बोलवून घ्यायचा.

ती टकटक रोज संध्याकाळी गल्लीच्या कोपऱ्यावरून घरात पोचायची. कोपऱ्यापासून फाटकापर्यंतच्या वेळात सासूबाई रेडिओ बंद करत, ती स्वतः पसारा आवरी आणि लेक आतल्या खोलीत, कपाट आणि भिंतीच्या मधल्या जागेत जाऊन बसे. बाबांचा रागरंग कळला की मगच बाहेर येई. माणूस वाईट नाही, असं सगळे म्हणत. सगळ्यांना त्याच्या घरात राहायचं नव्हतं. मध्यंतरी गाडी बंद पडली म्हणून तो एकदा बसने आला, आणि आल्याचं कोणालाच कळलं नाही. त्या दिवसापासून फुटका रेडिओ रबरबँड लावून उभा आहे. लेक तेव्हा गालावरची सूज उतरेपर्यंत शाळेत गेली नव्हती.

पहिला टॅपेट त्याने तिच्यावर सोडला नाही. नट आवळून झाल्यावर पत्ती स्वतः ओढून बघितली आणि खूश होऊन मान हलवली. अर्धा आवाज गेला, असं तिच्या मनात आलं. पायरीवर बसलेली लेक नटबोल्टांची ताटली मांडीवर घेऊन आईच्या तोंडाकडे बघत होती.

दुसरा टॅपेट पुढच्या बाजूला, अडचणीत होता. तिथे त्याला पार वाकावं लागलं, मान वाकडी करून, गाल इंजिनाला टेकवून. पत्ती त्याला दिसतच नव्हती.

"हलव. अडकतेय का?"

पत्ती खुशाल आतबाहेर होत होती. त्याने स्क्रू किंचित पिळला. तरीही तशीच. तिने ती चिमटीत घट्ट धरली.

"अडकली," ती म्हणाली.

त्याने नट आवळला. या वेळी त्याने पत्ती मागितली नाही, कंटाळला होता. झाकणं बसली, टाकी बसली, आणि तो एक चक्कर मारून येतो म्हणून बाहेर पडला.

मायलेकी अंगणातच थांबल्या. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. तिला वाटलं, आपण मूर्ख आहोत, उद्या हा मेकॅनिककडे जाईल आणि तिथे पत्ती धरायला आपण नसू. मग कोपऱ्यावरून आवाज आला. पहिल्यापेक्षा बारीक, पण तोच. टक टक टक टक. तिने डोळे मिटून श्वास सोडला. उघडले तेव्हा पायरीवर नुसती ताटली होती.

तो फाटकातून आत आला तेव्हा चेहरा उतरला होता. गाडी चालूच ठेवून त्याने कान खाली नेला. पाना उचलला आणि परत ठेवला. इंजिन तापलं होतं, आता पुन्हा गार होईपर्यंत हात लावायची सोय नव्हती. मग त्याने सावकाश तिच्याकडे बघितलं.

"तू नीट बघितलं होतंस ना?"

हो म्हणावं तर पत्ती समोरच पडलेली, इंजिन गार झालं की तो घालून बघणार; नाही म्हणायची तर सोयच नाही. तो एक पाऊल पुढे आला.

"असू दे रे तो आवाज," दारातून सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या बाबांच्या गाडीलाही होता."

"मग?"

"मग काय. कोपऱ्यावरूनच कळायचं. फार बरं पडायचं." त्या सुनेकडे बघत नव्हत्या, मुलाकडेही नाही. चालू इंजिनाकडे बघत होत्या. "तो ऐकला की सगळ्यांत आधी तू पळायचास."

हाताला लागलेलं तेल तो फडक्याने पुसत राहिला, पुसून झाल्यावरही. मग त्याची नजर पायरीवरच्या ताटलीवर गेली आणि तिथेच थांबली. गाडी टकटकत होती. बंद करायचं कोणाला सुचलं नाही.

"कुठे लपायचो गं मी?" त्याने विचारलं.

"कपाटामागे," आई म्हणाली. "आत्ता ती बसलीय तिथेच."