पाकळी

कोरगावात प्रज्योतच्या वाडीवरच्या देवळातला तांब्याचा मुखवटा रोजच्या अभिषेकाने हिरवा पडायचा. प्रज्योतची पीएचडी नेमकी धातूवर पाणी ठरू न देणाऱ्या थरांवर चाललेली. थर देऊ का, असं त्याने गावकऱ्यांना विचारलं आणि गावकऱ्यांनी रीतीप्रमाणे कौल लावून देवाला विचारलं. मुखवट्यावर पाण्याने चिकटवलेल्या दोन पाकळ्यांतली उजवी आधी पडली, म्हणजे देवाचा होकार. प्रज्योतने मुखवटा द्रावणात बुडवला, वीज सोडली आणि निकेलचा असा थर चढवला, की पाणी अळवाच्या पानावरून घरंगळावं तसं खाली.

त्या दिवसापासून देवाने बोलणंच सोडलं. वाडीतल्या साईशच्या नव्या घरासाठी कौल लावला, पाकळ्या चिकटेनात. खुद्द प्रज्योतच्या लग्नाचा लावला, तर दोन्ही पाकळ्या थेट भटजींच्या पायाशी. तिकडे सेजलच्या घरचे तारीख विचारून विचारून थकले.

"अहो, देव रुसलेला नाही!" प्रज्योतचं डोकं फिरलं. "माझ्या थरावर पाणीच ठरत नाही, तर ओली पाकळी कशी चिकटेल? मुखवटा द्या, आज संध्याकाळपर्यंत थर काढून आणतो."

गावातल्या जाणत्या कृष्णनाथआजोबांना ते पटलं. सगळ्या गावकऱ्यांना पटलं.

"काढ मरे पुता, कोण अडवता तुका?" आजोबा म्हणाले. "फकत देवाक हात लावच्याआदी रीत ती रीत."

 

आणि ते वळले. "भटजी, पाकळ्यो लावा."